माझ्या इंग्रजीतून भांडणारे सर

"मॅडम, तुमाले इंग्रजीत भांडता येते का?"

अमरावतीच्या कॉलेजात मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, अकोल्याहून रोज ये-जा करणार की इथंच खोली बघणार याची चौकशी नाही. मी अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायला आले होते. म्हटलं, "भांडता नाही येत सर. तक्रारीचं पत्र लिहिता येतं. नम्र भाषेत."

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "चालन," म्हणाले. "सध्या तेवढ्यावर भागवू."

सर आता नाहीत. पण स्टाफरूमच्या दारात कोणी जरा वाकून उभं राहिलं, की मला अजून वाटतं, आता हा प्रश्न येणार.

ते कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. उंच, पाठीत वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम स्क्रूड्रायव्हर अडकवलेला. पेन मात्र जवळ कधीच नसे. मस्टरवर सही करायला रोज शिपायाकडे मागून घेत आणि रोज परत द्यायला विसरत. लॅबच्या बाहेर चपला काढाव्या लागत, प्राचार्यांनासुद्धा. कॉम्प्युटर बंद केला की पडदा पूर्ण काळा होईपर्यंत ते समोर उभे राहत. मी एकदा कारण विचारलं. "पावना उठला तं दारापरेंत जा लागते," एवढंच म्हणाले.

त्यांचं भांडण ज्यांच्याशी चालू होतं ते लोक जगभर पसरलेले होते आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. फुकट मिळणारी, कोणीही उघडून बघावी आणि दुरुस्त करावी अशी सॉफ्टवेअरं असतात, ती लिहिणारी ही मंडळी. त्यांच्यापैकी काही जण मिळून एक डेस्कटॉप बनवत आणि सर त्या डेस्कटॉपच्या हात धुऊन मागे लागले होते. डेस्कटॉप म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. सरांनी मला लॅबमधल्या स्टुलावर बसवून समजावलं.

"यंत्राच्या पोटात काय बी असो. मानूस पयले अंगन पायते. चपला कुठी काढाच्या, पानी कुठी ठेवलं, दार कोनीकडं हाय. ते अंगन म्हंजे डेस्कटॉप. अन् हे लोक दर सहा महिन्यानं येतेत अन् दार हलवून जातेत."

लॅबमध्ये खिडकीकडच्या ओळीत सहा यंत्रं होती आणि सहांवर सहा वेगळ्या प्रणाली. दोन-तीन लिनक्सच्या जाती, बाकी बीएसडी नावाच्या घराण्यातल्या, लिनक्सइतक्याच मोकळ्या पण फार कमी लोक वापरतात अशा. प्रत्येक यंत्राला सरांनी गावाचं नाव दिलं होतं आणि जाड मार्करनं लिहून चिकटवलं होतं. प्रॅक्टिकल चालू असताना पोरं बिनधास्त ओरडायची, "सर, बार्शीटाकळी बंद पडलं!" तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हे ऐकलं आणि ते घाबरून प्राचार्यांना विचारायला गेले, की तिकडे काही गडबड झाली का.

सहा कशाला, एकच चांगली प्रणाली सगळ्यांवर घाला, असं प्राचार्य वर्षातून दोनदा तरी म्हणायचे. सर ऐकत नसत. ते मूळचे अंजनगाव सुर्जीचे. घरचा पानमळा होता, सगळ्या मळ्यात एकाच जातीची वेल. सर शाळेत असताना मर रोग आला आणि एका पावसाळ्यात मळा बसला. "बापानं दुसऱ्या जातीची एक ओळ लावली असती तं बेनं तरी रायलं असतं," ते म्हणायचे. लिनक्सवर त्यांचा राग नव्हता. सगळे डेस्कटॉपवाले एकट्या लिनक्सकडे बघून काम करायला लागले होते, बाकीच्या प्रणालींचं ओझं एकेक करून खाली ठेवत होते, त्यानं ते धास्तावले होते.

या धास्तीला वेळ-काळ काही नसे. अकोल्याला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात मोठा पडदा लावून नवरा-नवरीचे फोटो दाखवणं चाललं होतं, आणि नवरदेव घोड्यावर बसलेला फोटो आला नि लॅपटॉपनं आपणहून अपडेट सुरू केलं. पडदा निळा झाला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीची ती शांतता. त्यात मागच्या रांगेतून सरांचा आवाज आला, "थांबा वो, नवरदेव अपडेट होऊन राहिला!" सगळा मांडव हसला. सर स्टेजवर गेले, लॅपटॉप ठीक केला आणि मग नवऱ्याच्या मामांना धरून, कोणत्या प्रणालीत माणसाला विचारल्याशिवाय काही होत नाही, हे पंगत उठेपर्यंत सांगत राहिले. मामा आणि सर दोघेही उपाशी राहिले.

तासिका मोकळी असली की सर माझ्याकडे यायचे. ते सांगायचे आणि मी लॅबमधल्या यंत्रावर इंग्रजीत टाइप करायचे. त्यांचं सांगणं असं असे: "अबे, लाज नाई वाटत तुमाले? चालत्या गाडीचं चाक काहून काढून राहिले?" मी लिहायचे, की सदर बदलाबाबत आम्हांस काहीशी चिंता वाटते, तरी कृपया पुनर्विचार व्हावा. बारावीच्या वर्गात मी तेच शिकवत होते. अर्जात पहिल्या परिच्छेदात कारण, दुसऱ्यात विनंती, घरगुती गोष्टी आणू नयेत, आवाज चढवू नये. नमुना पाळला की गुण मिळतात.

टाइप झालं की सर पडद्याकडे बघून विचारत, "लाज आली का त्यात?"

"आली, सर," मी सांगायचे.

त्यांना इंग्रजी वाचता येई, पण यंत्रांविषयीचं. माझी वळणं घेणारी वाक्यं त्यांना पेलत नसत आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता. एकदा पलीकडून उत्तर आलं, की आपल्या असाधारण सौजन्याबद्दल आभारी आहोत. सरांनी ते दोनदा वाचलं आणि खूश होऊन म्हणाले, "घाबरला लेकाचा." मी खूप हसले. घरी फोन करून आईलाही सांगितलं.

इतकं कशाला भांडता, असं मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, "मॅडम, मानूस भांडते कोनाशी? ज्याले समजन असं वाटते त्याच्याशी. हे लोक वाईट नाईत. दूर हायत. त्याइले सांगा लागते."

मी रुजू झाल्याला वर्ष होत आलं तेव्हा सर मला घरी जेवायला घेऊन गेले. राजापेठेच्या मागे दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दार उघडलं, "ये माय," म्हणाल्या आणि माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत हसल्या. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती. सरांनी वर्षभरात एकदाही हे सांगितलं नव्हतं.

काकू मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या. डोळे गेल्यावर नोकरी सुटली. आतल्या खोलीत त्यांचं टेबल होतं, त्यावर एक जुना कॉम्प्युटर आणि त्याला चिकटवलेलं नाव, 'शेंदूरजना'. शेंदूरजनाघाट हे काकूंचं माहेर, तिथं भावाची संत्र्याची बाग. कीबोर्डच्या सात-आठ बटणांवर सरांनी गोंदानं ज्वारीचा एकेक दाणा चिकटवला होता. काकू बसल्या, दाणे चाचपले, बोटं चालायला लागली आणि आतून एक सर्दी झालेला पुरुषी आवाज भराभरा मराठी पेपर वाचू लागला. काकू त्याला बुवा म्हणायच्या. बुवा चुकीचा उच्चार करायचा तेव्हा त्याला शाळेतल्या मुलीसारखं झापायच्या.

पेपर वाचून झाला की काकू पत्रं लिहायच्या. जुन्या विद्यार्थिनी लिहायच्या त्यांना. कोणाचं सासर, कोणाची नोकरी, कोणाचं काहीतरी जे आईलाही सांगता येत नाही असं. काकू एकेकीला उत्तर द्यायच्या, स्वतःच्या बोटांनी. "आधी मी शेजारच्या पोरीले सांगून लिवत होती," त्या मला म्हणाल्या. "पन सांगून लिवलेलं पत्र आपलं रायत नाई. लिवनारा मधातच चव बदलवते. अन् काही गोष्टी तं दुसऱ्याच्या कानावर घालताच येत नाईत." 

डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली की दर वेळी काहीतरी मोडायचं आणि बुवा मुका व्हायचा. मग सर तीन-चार संध्याकाळी बसून ते जोडायचे. लॅबमध्ये सहा-सहा यंत्रांवर जे चालायचं ते या एका यंत्रासाठी होतं, आणि माझ्या नम्र पत्रांचंही तेच. त्या दिवशी जेवताना मला हे कळलं. कळल्यावरही मी पत्रांची भाषा बदलली नाही.

अकोल्याच्या एका कॉलेजात मी ओळखीनं त्यांचं व्याख्यान ठरवलं होतं. विषय त्यांनीच दिला, मुक्त प्रणालींवरच्या डेस्कटॉपचं भवितव्य. वीसेक पोरं आणि एक प्रचंड आवाज करणारा कूलर. सर फळ्यावर पानमळा काढून तासभर बोलले. डेस्कटॉप बनवणारी माणसं कमी होत चालली आहेत, सगळे फोनकडे गेले आहेत. जे उरतील ते एकाच प्रणालीपुरतं बनवतील आणि बाकीच्यांना सांगतील, तुमचं तुम्ही बघा. मग त्या बाकीच्या प्रणालींवर फक्त सर्व्हर चालतील, माणसं बसणार नाहीत. ज्यांना दिसत नाही, ज्यांचा हात चालत नाही, त्यांना सांगण्यात येईल की तुमचं पुढच्या आवृत्तीत करू. शेवटी काही विचारायचं आहे का, असं म्हटल्यावर एका मुलानं हात वर केला. "सर, यात प्लेसमेंट हाय का?"

सरांनी खरोखर विचार केला. "नाई," म्हणाले.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. अमरावतीची बस लागली होती, पण ते चढेनात. "मले वाटलं होतं, एखादा तरी उठून भांडन," ते म्हणाले. मी त्यांच्यासाठी संत्री आणायला गेले, परत येईतो बस सरांना घेऊन निघून गेली होती.

त्या वर्षीच्या थंडीत डेस्कटॉपवाल्यांचं ते पत्र आलं. पडद्यावर चित्र आणणारी जी जुनी यंत्रणा होती, ती काढून नवी घालायचं त्यांनी ठरवलं होतं. नवी यंत्रणा लिनक्सवर नीट चाले, इतर प्रणालींवर अर्धीमुर्धी, आणि काकूंच्या यंत्रातल्या बीएसडीवर तिच्यात बुवाला दाबलेली बटणं कळतच नव्हती. दोन्ही सांभाळणं जड जातं, म्हणून जुनीला महिनाअखेर रजा द्यायची होती. पत्रात सगळ्यांना विचारलं होतं, की लिनक्सखेरीज दुसऱ्या प्रणालीवर कोणी खरोखर या जुन्या यंत्रणेवर अवलंबून आहे का? असेल तर सांगा.

सर माझा तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे होते. लॅबमध्ये गेलो. मी कीबोर्ड पुढे ओढला आणि नेहमीच्या शिव्यांची वाट पाहू लागले. सर शिव्या देईनात. हळू आवाजात, थांबत थांबत सांगायला लागले.

"लिवा. मी वापरतो. माही बायको वापरते. तिले दिसत नाई. हे काढलं तं तिचं वाचनं-लिवनं बंद होईन. काढू नका. मी हात जोडतो."

आणि त्यांनी पडद्यासमोर खरोखर हात जोडले. शेजारी पोरं बसली होती. परक्या लोकांपुढे, जगानं वाचायच्या जागी, सरांची बायको आंधळी आहे हे मी लिहायचं? मला ते भीक मागितल्यासारखं वाटलं. सरांची अब्रू राखायची म्हणून मी लिहिलं, की खाली सही करणारा आणि काही अन्य वापरकर्ते सदर यंत्रणेचा उपयोग करीत असून, सुलभतेच्या दृष्टीने ती आणखी काही काळ चालू ठेवल्यास आम्ही ऋणी राहू. काकू 'काही अन्य वापरकर्ते'मध्ये गेल्या.

"तिचं आलं का त्यात?" सरांनी विचारलं.

"आलं, सर."

महिना संपला. सूचनेबद्दल आभार मानणारं दोन ओळींचं उत्तर आलं आणि यंत्रणा काढून टाकली गेली.

सर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते गप्प झाले. काकूंच्या यंत्रावर त्यांनी जुनी आवृत्ती तशीच ठेवली, नवीन काही येऊच दिलं नाही. वेबसाइटी एकेक करून उघडेनाशा झाल्या, पेपर बंद झाला, पण पत्रं चालू होती. मग एका मे महिन्यात, अमरावतीचं ऊन भिंतीतून आत येत होतं तेव्हा, शेंदूरजना जळालं. दुरुस्तीवाल्यानं बोर्ड उलटसुलट करून पाहिलं आणि असा बोर्ड आता कुठंच मिळत नाही म्हणून सांगितलं. नवा कॉम्प्युटर आणला तर जुनी प्रणाली त्याला ओळखेना. नवी प्रणाली ओळखायची, पण बुवा बोलायचा नाही.

सरांनी हट्ट सोडून लिनक्स घातलं, पण नव्या यंत्रणेत बुवाला तिथंही सगळी बटणं कळेनात, म्हणून दुसरा डेस्कटॉप घातला. बुवा बोलला. पण तिथलं सगळं वेगळं होतं आणि काकूंची बोटं इतक्या वर्षांच्या सवयीची. दोन महिने त्या रोज बसल्या. एका मुलीचं नवऱ्याविषयीचं पत्र चुकून दुसरीला गेलं. त्या दिवशी काकू खुर्चीवरून उठल्या त्या पुन्हा बसल्या नाहीत. मी त्यांना बोलणारा फोन नेऊन दिला, शिकवलाही. "काचीवरून नुसता हात फिरवा लागते," त्या म्हणाल्या. "दार कुठी हाय तेच हाताले लागत नाई." फोन त्यांनी पुसून परत दिला.

सर निवृत्त झाले. सहाही यंत्रांवर एकच प्रणाली बसली, गावांची नावं कोणीतरी ब्लेडनं खरवडून काढली. घरी सर ती काढून टाकलेली यंत्रणा स्वतः जोडत बसायचे. दोन वर्षं बसले. एकदा बुवा बोलला, पेपराचा एक मथळा त्यानं वाचला, आणि आठवड्यात पुढची आवृत्ती येऊन सगळं विस्कटलं. मग त्यांनी ते खोलीत झाकून ठेवलं. विद्यार्थिनींची पत्रं येत राहिली. काकू ती कोणाकडूनही वाचून घेत नव्हत्या.

आणि एक दिवस मी दुसरंच काहीतरी शोधताना त्या डेस्कटॉपवाल्यांचा इंटरनेटवरचा जुना पत्रव्यवहार उघडला. कोणीतरी तक्रार केली होती, की जुनी यंत्रणा काढल्यानं न दिसणाऱ्यांचे हाल झाले. त्यावर तिथल्या एकानं लिहिलं होतं: आम्ही आधी विचारलं होतं. एकच उत्तर आलं, फार सभ्य, पण त्यात कोणा माणसाचा उल्लेख नव्हता. कोणाचं वाचन यावर चाललं आहे, असं एकानं जरी सांगितलं असतं तरी आम्ही ती ठेवली असती, ठेवणं तितकं कठीण नव्हतं. आता परत आणायला हात उरलेले नाहीत.

मी ते स्टाफरूममध्ये वाचलं. ते सभ्य उत्तर माझं होतं. सरांनी सांगितलेली सहा वाक्यं मी जशीच्या तशी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिली असती, तर काकू आज पत्र लिहीत असत्या. एवढी साधी गोष्ट. घंटा झाली म्हणून मी उठून पुढचा तास घेतला.

रविवारी मी राजापेठेला गेले, सगळं सांगायचं ठरवून. वाटेत वाक्यं जुळवली होती. सर खुर्चीत होते, समोर टीव्ही चालू होता आणि ते बघत नव्हते. काकूंनी स्वतः चहा केला, कप माझ्या हातात बरोबर दिला आणि समोर बसल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "एक इचारू का, माय?"

"विचारा ना."

"त्या लोकाइले तू पत्र लिवलं होतं, ते यंत्रातलं काढू नका म्हनून. त्यात मायाबद्दल लिवलं होतं का? मले दिसत नाई, असं?"

"लिवलं होतं म्हनून कितीखेप सांगू तुले?" सर खुर्चीतून म्हणाले. "शब्द अन् शब्द मी सांगतला होता मॅडमले."

"तुमाले नाई इचारलं. तिले इचारून राहिली."

काकूंनी चेहरा माझ्याकडे वळवला होता, जरासा डावीकडे चुकून. सर माझ्याकडे बघत होते. माझी जुळवलेली वाक्यं सगळी तोंडात होती.

"हो काकू," मी म्हटलं. "लिहिलं होतं."

काकूंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "म्हंजे त्याइले माहीत होतं, तरी काढलं. मले वाटे, सांगाचंच राहून गेलं असन. तेवढंच मनात धरून होती मी."

सरांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला. बराच वेळ ते त्या काळ्या पडलेल्या काचेकडे बघत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "आता त्या लोकाइले काही लिवू नका."

मी बरं म्हटलं आणि चहा संपवला.